दप्तराचं पेव

गठ्ठ्याची गाठ सुटेना. रेकॉर्ड रूमच्या शिपायानं आधी नखानं पाहिलं, मग दातानं पाहिलं, आणि शेवटी ‘रावसाहेब यायच्या आत’ असं पुटपुटत ब्लेडनं नाडी कापली. लाल खारव्याचं बासन उलगडलं तसा जो वास आला, तो एकदा नाकात बसला की जात नाही: जुना कागद, डांबरगोळ्या, उंदराच्या लेंड्या आणि ओल. वरचे दहा-बारा कागद धड होते. खालच्या कोपऱ्यातून मात्र वाळवीनं गिरमिटानं पाडावं तसं भोक पाडलं होतं, ते थेट गठ्ठ्याच्या तळाला जाऊन निघालं होतं.

२०२३ ची दिवाळी नुकती होऊन गेली होती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत, मी एका कोपऱ्यात स्टूल ओढून बसलो होतो. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली होती आणि राज्यभरातल्या कचेऱ्यांना मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्याचा आदेश सुटला होता. कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, खासरा पत्रकं, पाहणीपत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, १९५१ ची नागरिकांची नोंदवही, शाळांचे प्रवेश-निर्गम. ज्या खोलीत वर्षानुवर्षं दिवाळीच्या साफसफाईलाही कुणी शिरत नव्हतं, तिथं आता चार टेबलं, दोन ट्यूबलाइट आणि तोंडाला रुमाल बांधलेली आठ माणसं. त्यातले दोघे मोडी वाचणारे, शेजारच्या जिल्ह्यातून रोजावर बोलावलेले. एक उर्दू-फारसीसाठी आलेले निवृत्त शिक्षक. निजामाच्या राजवटीतला कागद वाचायचा तर ते हवेतच.

पुढच्या काही महिन्यांत राज्यभरात अशा पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचं सरकारनं सांगितलं. त्या आकड्याचं राजकारण मला इथं करायचं नाही. मला दिसत होती ती एवढीच गोष्ट, की ज्या कागदांना आपण ‘दप्तरी दाखल’ म्हणून मातीत घातलं होतं, त्यांच्यावर एका हिवाळ्यात लाखो घरांचं भवितव्य येऊन टेकलं. आणि ते कागद होते कुठं, तर गळक्या स्लॅबखाली, लोखंडी मांडण्यांवर, निम्मे जमिनीवर.

‘पावसाळ्यात खालचे गठ्ठे वर चढवतो, उन्हाळ्यात वरचे खाली,’ रेकॉर्ड सांभाळणारे भाऊसाहेब म्हणाले. उन्हाळ्यात का? ‘पत्रा तापतो ना. वरच्या मांडणीवर हात टेकवत नाही.’ खोलीचा निम्मा भाग नंतर वाढवलेला, त्यावर पत्रा होता. बाष्प, ऊन, वाळवी या तिघांशी हा माणूस सव्वीस वर्षं हमाली करून लढत होता. त्याला कुणी ‘पर्यावरणपूरक अभिलेख साठवणूक’ असा शब्द ऐकवला असता तर तो हसला असता. पण तो करत होता ते तेच होतं, फक्त त्याच्याजवळ भिंत नव्हती.

त्या दिवशी एक गोष्ट डोळ्यांपुढं घडली आणि तिच्यामुळंच मी हा लेख लिहायला घेतला. टेबलावर दोन गठ्ठे शेजारी उघडे होते. एकात मोडीतली हातकागदाची बाडं, दीडेकशे वर्षं जुनी. पान उचललं की फडक्यासारखं लवायचं, शाई काळीभोर. दुसऱ्यात ७२ च्या दुष्काळातल्या कामांचे हजेरीपट. त्यातलं एक पान मोडी वाचकानं नुसतं बाजूला सरकवलं आणि त्याचा पापडासारखा तुकडा पडला. आजोबा धडधाकट आणि नातू अंथरुणावर, असं ते दृश्य होतं.

यात चमत्कार काही नाही. जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा कागद चिंध्या आणि ताग कुटून करत, खळ लावून गोट्यानं घोटत. त्याचे तंतू लांब, त्यात आम्ल नाही. शाई काजळीची, डिंकात खललेली. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, तो उडत नाही आणि कागदाला खातही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद आला. त्याला चोपडेपणा यावा म्हणून तुरटी आणि राळ घालत. ती तुरटी हवेतल्या ओलीबरोबर सावकाश आम्ल बनवत राहते, आणि कागद आतून जळत जातो. भर म्हणून आपण त्याला टाचणी मारली, ती गंजली. फाटला तिथं चिकटपट्टी लावली, तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांवर पसरला. नव्वदच्या दशकातले फॅक्स तर आता कोरे कागद होऊन बसलेत. फायलीला पान क्रमांक आहे, पानावर काही नाही. म्हणजे अभिलेखागार बांधताना ज्याची चिंता करायची, तो पेशवाईचा कागद नव्हे. चिंता आपल्या आजच्या कागदाची आहे.

आणि त्याचं तर पेव फुटलंय.

कोणत्याही सरकारी कचेरीत कागदाचं आयुष्य त्याच्या जन्मालाच ठरवलेलं असतं. महाराष्ट्रात अ वर्ग म्हणजे कायम, ब म्हणजे तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक. निकाली प्रकरणावर हे अक्षर टाकायचं, गठ्ठा बांधायचा, मुदत सरली की नाश सूची करून कागद लगद्याला पाठवायचा. लिहायला किती सोपं. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी हेच सगळं नीट लावून दाखवलं, तो ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. २०१७ साली पुणे विभागात चंद्रकांत दळवी आयुक्त असताना ‘झिरो पेंडन्सी’च्या मोहिमेत पुन्हा एकदा सहा गठ्ठ्यांची पद्धत, पुन्हा एकदा ट्रकभर रद्दी. दर दोन-तीन दशकांनी एखादा साहेब येतो, दप्तर स्वच्छ होतं, साहेबाची बदली होते, दप्तर पूर्ववत होतं.

का? कारण कागद ठेवल्याबद्दल अजून तरी कुणाची चौकशी लागलेली नाही. जाळल्याबद्दल लागू शकते. केंद्राच्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात नियमबाह्य नाशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, वा दोन्ही, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रानंही २००५ चा स्वतःचा कायदा केला. कायदा चांगलाच आहे. पण कारकुनाच्या मनात त्याचा अर्थ एवढाच उतरला, की सही करून फाडण्यापेक्षा सही न करता कुजू दिलेलं बरं. कुजणं हा कुणाचा गुन्हा नसतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेपुढं हाच डोंगर उभा होता. तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं त्यावर काढलेली तोड मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी कागदाचे दोनच मुक्काम न धरता तीन धरले. कचेरी हा पहिला, जिथं फाइल रोज लागते. कायमचं अभिलेखागार हा शेवटचा. आणि मधे एक ‘रेकॉर्ड सेंटर’, गावाबाहेर, स्वस्त जागेत, जिथं अर्धवट निवृत्त फायली मुदत संपेपर्यंत राहतील, मागितली तर काढून मिळेल, मुदत संपली तर तिथूनच नाश होईल. आज त्यांच्या अशा केंद्रांपैकी एक कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा इथं चुनखडीच्या जुन्या खाणीत आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा मोठा साठा चेशरमधल्या विन्सफर्डच्या मिठाच्या खाणीत, जमिनीखाली दीडशे मीटरवर असतो. तिथं वर्षभर तापमान एकसारखं, हवा कोरडी. वातानुकूलनाचं काम जमीनच करते. आपल्याकडे त्याच फायली नरिमन पॉइंटच्या, फोर्टच्या जागेत कपाटांच्या डोक्यावर चढून बसतात. चौरस फुटाचा भाव आणि फायलीची उपयुक्तता यांचं इतकं विषम लग्न दुसरीकडे क्वचितच लागलं असेल.

खाणीचं ऐकून मला आठवलं ते हरिपूर.

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद खड्डा. तिथली माती अशी, की पाणी आत झिरपत नाही. तोंड बंद केलं की आतली हवा धान्य नि हळद स्वतःच संपवतात, किड्याला श्वास घ्यायला काही उरत नाही. वर्षानुवर्षं हळद राहायची, रंग न उडता, कीड न लागता, एक पैची वीज न जाळता. गावोगावच्या वाड्यांतली बळदं हीच युक्ती भिंतीत करत. आज युरोपातले वास्तुशास्त्रज्ञ ‘पॅसिव्ह’ भांडार म्हणून जे मांडतात त्याची तीन सूत्रं आहेत: भिंत जाड ठेवा, आत-बाहेर हवा फिरू देऊ नका, आणि जमिनीशी नातं तोडू नका. हरिपूरच्या शेतकऱ्याला यातलं एकही सूत्र नवं वाटलं नसतं.

इंग्लंडमध्ये हेरेफर्डला २०१५ साली जिल्ह्याचं अभिलेखागार ‘पॅसिव्ह हाउस’ निकषावर उभं राहिलं. त्या देशातलं तसलं ते पहिलंच. इमारत इतकी हवाबंद, इतकी पांघरूण घेतलेली, की यंत्रांना फारसं कामच उरत नाही. डेन्मार्कच्या संग्रहालयांनी तर आपल्या भांडारांच्या फरशीखाली उष्णतारोधक थरच टाकला नाही. जमिनीची ऊब नि गारवा सरळ आत येऊ दिला, आणि फक्त हवेतली ओल काढणारं एक लहान यंत्र ठेवलं. कॅनडात ओटावाच्या पलीकडच्या काठावर, गॅटिनोला, २०२२ साली सरकारी अभिलेखांचं नवं भांडार पुरं झालं. त्याची जाहिरात अमेरिका खंडातलं या प्रकारचं पहिलं निव्वळ शून्य कार्बन भांडार अशी होते. तिथं माणूस मांडण्यांत फिरत नाही. उंचच उंच कप्प्यांतून यंत्र पेटी काढून आणतं. हे वाचताना मला भाऊसाहेबांची शिडी आठवली. तिची एक पायरी सुतळीनं बांधली होती.

ही परदेशची कौतुकं सांगताना एक खोट लपवू नये. कोलोनच्या नगर अभिलेखागाराची १९७१ ची इमारत याच विचाराची होती. अर्ध्या मीटरच्या विटांच्या भिंती, फटींसारख्या अरुंद खिडक्या, यंत्राविना समतोल हवा. अभिलेखागार बांधणारे लोक तिला ‘कोलोन मॉडेल’ म्हणत, दुसऱ्या देशांतले लोक पाहायला येत. ३ मार्च २००९ च्या दुपारी ती कोसळली. रस्त्याखाली मेट्रोचं काम चालू होतं. जमीन सरकली आणि अख्खी इमारत खड्ड्यात गेली. कामगारांनी ओरडून सावध केल्यामुळं आतली माणसं बाहेर पडली, पण शेजारच्या घरातल्या दोघांचा जीव गेला. हजार वर्षांचे कागद भूजलात आणि काँक्रीटच्या चुऱ्यात मिसळले. बहुतेक बाहेर काढले, ओले होते ते गोठवले, गोठलेल्या अवस्थेतच सुकवले. चिठोऱ्या जुळवायचं काम अजून चालू आहे. नव्या जागी नवी इमारत उभी राहायला २०२१ उजाडलं.

भिंतीनं दगा दिला नव्हता. दगा खालून आला. हरिपूरचंही तेच. पेवांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद राखली, आणि २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्यांच्यात शिरलं.

म्हणून अभिलेखागाराचा पहिला आराखडा काढायचा तो वास्तुरचनाकारानं नव्हे, पूररेषा आणि भूगर्भ जाणणाऱ्यानं. मुंबईत राज्याचं पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या देखण्या इमारतीत, काळा घोड्याला आहे. त्याचा उगम १८२१ च्या ‘बॉम्बे रेकॉर्ड ऑफिस’मध्ये. इमारत वारसा म्हणून थोर, पण समुद्राच्या हवेत कागद ठेवणं म्हणजे पापड ओट्यावर उघडा ठेवण्यासारखं. आता वांद्रे-कुर्ला संकुलात पुराभिलेख भवन उभारायचं सरकारनं जाहीर केलं आहे. वाचनालय, प्रदर्शन, संशोधकांची सोय यांसाठी मुंबई हवीच, यात वाद नाही. पण साठवणुकीचा मोठा भार मिठीकाठच्या भराव जमिनीवर टाकावा का? २६ जुलैच्या महापुरात तिथं काय झालं ते मुंबईकर विसरलेला नाही. वाचायचं दालन शहरात आणि भांडार घाटावर, कोरड्या पठारावर, असं केलं तर निम्मं वातानुकूलन जागेच्या निवडीतच झालं. सह्याद्री ओलांडला की पावसाळी हवेतली ओल किती उतरते, ते लोणावळ्यातून पुण्याला येणाऱ्या कुणालाही कातडीला कळतं.

आणि घाटावर अशी एक इमारत आहेच. पुण्यात कौन्सिल हॉलजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला दगडात बांधलेली, जिला लोक अजून ‘पेशवे दप्तर’ म्हणतात. सरकारी नाव होतं एलियनेशन ऑफिस. आत सुमारे ३५ हजार रुमाल. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे, हे परगावच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगावं लागतं. चौकोनी कापडात बांधलेला गठ्ठा तो रुमाल, त्याच्या आत पुडकी, पुडक्यात कागद. कापड हे आवरण मोठं हुशारीचं आहे. ते श्वास घेतं, धूळ अडवतं, आणि ओलीचा पहिला हल्ला स्वतःवर घेतं. खोक्यात घातलेल्या कागदाला बुरशी आली तर ती आत कोंडते; रुमालाला आली तर बाहेरून दिसते.

अशा जाड भिंतींच्या खोलीत मे महिन्यात शिरलं की जे जाणवतं त्याला थंडी म्हणता येणार नाही. तिथं स्थिरपणा असतो. आणि कागदाला खरा हवा असतो तो स्थिरपणाच. कागद आपल्या वजनाच्या सहा-सात टक्के पाणी अंगात बाळगून असतो. हवा कोरडी झाली की सोडतो, ओली झाली की घेतो. म्हणजे भरलेली खोली हे स्वतःच एक मोठं ओल-नियंत्रक यंत्र असतं. त्याला फक्त उलटसुलट धक्के देऊ नयेत. आपण नेमके तेच देतो. ‘रेकॉर्ड रूमला एसी बसवला’ अशी बातमी जिल्हा आवृत्तीत फोटोसह छापून येते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. एसी सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला शिपाई बंद करून जातो. दिवसभर भिंती नि कागद गार झालेले. रात्री बाहेरची दमट हवा दाराच्या फटीतून आत येते आणि त्या गार अंगावर तिचं पाणी होतं. माठाला पाझर फुटावा तसं. सातत्यानं चालवला तर वीजबिल परवडत नाही, अधूनमधून चालवला तर बुरशी. त्यापेक्षा नसलेला बरा, असं अभिलेखांचं काम करणारी माणसं खासगीत सांगतात. जाहीर बोलत नाहीत, कारण एसीचं टेंडर निघालेलं असतं.

युरोपचा आकडा मात्र इथं जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यांची जमीन दहाएक अंशांवर असते. पुण्यातली खोलवरची जमीन वर्षाच्या सरासरीला, म्हणजे पंचविसाच्या आसपास. पाच अंश उतरले की कागदाचं आयुष्य साधारण दुपटीनं वाढतं असा ढोबळ नियम आहे. म्हणजे नुसत्या जाड भिंतीवर विसंबून आपल्याला हेरेफर्ड मिळणार नाही. हातकागदाला आणि चांगल्या कागदाला पंचवीस अंश स्थिर हवा पुरेल. आम्लानं सडत चाललेला गेल्या शतकाचा कागद, फोटो, फिल्मची रिळं यांच्यासाठी आत एक लहानसं शीतघर लागेलच, चोवीस तास चालणारं, भक्कम पांघरूण घेतलेलं. लहान, हा शब्द महत्त्वाचा. सौर पॅनेलचंही तसंच. छपरावर पॅनेल लावले की योजना हिरवी झाली असं समजतात. पण ओल काढणारं यंत्र सगळ्यात जास्त चालवावं लागतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकं सूर्य दडलेला असताना. हिशेब वर्षाचा मांडला तर जमतो, दिवसाचा मांडला तर नाही. वीजमंडळाची तार लागणारच.

किडीवरचं औषध हा आणखी एक विषय. जुने लोक पोथीत वेखंड ठेवत, कडुनिंबाचा पाला ठेवत. काही ठिकाणी सापाची कातही सापडते. त्यानं कीड किती जायची देव जाणे, पण हे सगळं ठेवायच्या निमित्तानं वर्षातून एकदा प्रत्येक बासन सोडून, झटकून, उन्हात न घालता सावलीत पसरून पुन्हा बांधलं जायचं. खरं औषध ते.

आगीचं काय? २१ जून २०१२ ला दुपारी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली. पाच जणांचा जीव गेला. टीव्हीवर धुराचे लोट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेव्हा एकच प्रश्न होता, कोणत्या फायली जळल्या. माणसं मेलेली असताना फायलींचा प्रश्न पहिला यावा, यातच आपला आपल्या दप्तरावरचा अविश्वास दिसतो. कचेरीत फाइल जळते कारण तिथं वायरी, पार्टिशनचं प्लायवुड, एसी, चहाची शेगडी आणि कागद एकाच खोलीत असतात. भांडार वेगळं असलं, दालनं अग्निरोधक भिंतींनी तोडलेली असली, आत दिवा माणूस असेल तेवढाच पेटत असला, तर जळायला कारण उरत नाही. एका आगीत सगळं जाऊ नये हा केंद्रीय भांडाराविरुद्धचा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तर आहे: एक आवार, पुष्कळ कप्पे. पातेलं नव्हे, मिसळणाचा डबा.

दुसरा आक्षेप मला अधिक छळतो, आणि त्याचं उत्तर भिंतीत नाही.

पेशवे दप्तर पुण्यात एकत्र झालं ते इतिहासाच्या प्रेमानं नव्हे. १८१८ नंतर इंग्रजांना ते हवं होतं महसुलासाठी, आणि १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनसाठी. इमारतीच्या नावातलं ‘एलियनेशन’ म्हणजे सरकारनं ज्या जमिनीचा सारा सोडून दिला ती इनाम जमीन. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं, हे ठरवण्याचे कागद सरकारच्या एका कुलुपाखाली आले, आणि ज्याच्याजवळ कागद नाही त्याचं इनाम गेलं. पुढं कित्येक दशकं देशी अभ्यासकांना ते दप्तर मोकळेपणी पाहता येत नव्हतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे खेड्यापाड्यांत, वाड्यांच्या माळ्यांवर, रद्दीवाल्यांच्या दारात कागद शोधत का हिंडले, याचं एक कारण हे कुलूपही आहे. वाईत मिळालेल्या कागदांवर त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ ला निघाला, असे बावीस झाले. दप्तराचं दार किलकिलं झालं ते १९३० च्या सुमारास. गो. स. सरदेसाई आत बसले आणि ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ भागांत बाहेर आले. निवडलेले. उरलेले आत आहेत.

म्हणजे केंद्रीय भांडारात कागद वाचतो हे खरं; कुणापासून वाचतो, हे कोण बांधतंय त्यावर ठरतं.

कुलूप नसलं तरी कागद हाती लागत नाही, याचाही मला स्वतःला अनुभव आहे. आमच्या एका गटाच्या हद्दीचा वाद निघाला तेव्हा जुन्या फाळणीची नक्कल हवी होती. अर्ज दिला, कोर्ट फी स्टँप लावला, खेटे घातले. अकराव्या खेपेला कागद हाती आला, त्यावर रबरी शिक्का: ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ शिक्का तयार होता, म्हणजे मागणीही बरीच असणार. कागद नष्ट झाला होता का? नाही, नष्ट झाल्याची नोंद नव्हती. तालुक्याहून जिल्ह्याला गेला होता का? गेल्याची नोंद नव्हती. तो फक्त यादीत नव्हता, म्हणून तो जगात नव्हता.

आता काही जिल्ह्यांचे जुने महसुली अभिलेख स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’वर घरबसल्या दिसतात. ही मोठीच गोष्ट आहे. नकलेसाठीचा हेलपाटा त्यानं वाचतो, आणि मूळ कागद दूरच्या भांडारात गेला तरी गावच्या माणसाचं अडत नाही. पण स्कॅन करायला आधी गठ्ठा सोडावा लागतो, पानं लावावी लागतात, कोणत्या गावचं कोणत्या सालचं ते कुणीतरी वाचून लिहावं लागतं. यंत्र एका दिवसात हजारो पानांचे फोटो काढतं. त्या पानावर ‘मौजे’च्या पुढं काय लिहिलंय ते मोडी जाणणारा माणूसच सांगतो. राज्याच्या पाच पुराभिलेखागारांत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं, खरी टंचाई जागेपेक्षा अशा माणसांची आहे, असं मला वाटतं. इमारतीचं भूमिपूजन होतं. सूचीचं होत नाही; तिच्यावर नारळ कुठं फोडणार?

त्या हिवाळ्यानंतर मी पुन्हा एकदा त्या तालुक्याला गेलो. टेबलं उचलली गेली होती, मोडी वाचक आपल्या गावी परतले होते. गठ्ठे पुन्हा मांडण्यांवर, पण या वेळी तोंडं एका बाजूला आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी. एक म्हातारे गृहस्थ फेरफाराची नक्कल मागायला आले होते. भाऊसाहेबांनी गावाचं नाव ऐकलं, क्षणभर डोळे मिटले, आणि शिपायाला म्हणाले, ‘दुसरी रांग, खिडकीकडून चौथं, वरून तिसरा कप्पा.’ होता तिथंच.

‘मार्चला सुटतोय मी,’ ते मला नंतर म्हणाले. म्हणजे निवृत्त. टेबलाच्या खणातून त्यांनी दोनशे पानी वही काढली. रांग, मांडणी, कप्पा, गाव, साल, वर्ग, शेरा, असे रकाने पट्टीनं आखलेले. निम्मी वही भरली होती. हे कुणी करायला सांगितलं, असं मी विचारलं. कुणी नाही.

शिपायानं नक्कल काढून झालेला गठ्ठा आणला. बासन तेच होतं, ब्लेडनं नाडी कापलेलं. नवी नाडी स्टोअरमधून यायची होती, ती आली नव्हती. भाऊसाहेबांनी पिशवीतून पायजम्याची कोरी नाडी काढली, हात-दीड हात तोडली, गठ्ठा गुडघ्याखाली दाबून करकचून बांधला, आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘तळाशी वाळवी. गाठ सरकती ठेवली आहे.’